चेहरा वाचताना

मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि कडांना सुरकुत्या पडतात. उसन्या हसण्यात बहुधा ओठच हलतात. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी हा फरक १८६२ मध्ये मांडला. दुःखात भुवयांची आतली टोकं वर उचलली जातात, ओठांचे कोपरे खाली झुकतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या मते आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य यांच्या खुणा जगभर सारख्याच असतात. इतर काही अभ्यासक मात्र प्रसंग आणि संस्कृतीही पाहायला सांगतात.

पडलेल्या भावात सोयाबीन विकून घरी आलेला शेतकरी गप्प बसला, तर तो दमलाय, चिडलाय की खचलाय, हे नुसत्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही. महाराष्ट्रात बुलडाण्यासह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशा सेविका घरोघरी जाऊन विचारपूस करतात. घरच्यांनीही तेच करावं: झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, हे विचारावं आणि मध्ये न बोलता ऐकून घ्यावं. भावना ओळखून समजून घेण्याची, म्हणजेच भावनिक बुद्धिमत्तेची, सुरुवात इथूनच होते. काळजी वाटलीच, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे; तिथे मराठीतही बोलता येतं.