वीज गेली आणि पेटी मुकी झाली

वीज ही आपल्या जोयडा तालुक्याला परकी वस्तू नव्हे. काळी नदीचे पाणी सुपे धरणात अडते, गणेशगुडी येथे यंत्रे फिरविते, आणि पुढे नागझरी, कोडसळ्ळी व कद्रा या ठिकाणी तेच पाणी पुन्हा पुन्हा कामास जुंपले जाते. कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगा येथे अणुशक्तीची प्रत्येकी २२० मेगावॅटची ४ संयंत्रे उभी आहेत. इतके असूनही अणशीच्या रानात आषाढाच्या वाऱ्याने एखादा वृक्ष तारांवर आडवा झाला की घरोघर अंधार पसरतो. यात कोणाला बोल लावण्याचे कारण नाही. दाट अरण्यातून व घाटातून आलेली तार वाऱ्यापावसाच्या अधीन असणारच.

पूर्वी वीज गेली म्हणजे कंदील पेटविला की काम भागत असे. आता तसे राहिलेले नाही. गोव्यात किंवा आखातात नोकरीस असलेल्या मुलामुलींनी अनेक घरांत एक लहानशी काळी पेटी आणून ठेवली आहे. ती वाय-फायच्या राउटरला तारेने जोडलेली असते, तिच्या पोटात दोन हार्ड डिस्क असतात, आणि घरातील सर्वांचे फोटो, लग्नाच्या चित्रफिती व कागदपत्रांच्या प्रती तीत साठविलेल्या असतात. दुकानदार तिला ‘नॅस’ म्हणतात. आठदहा वर्षे ती बिचारी रात्रंदिवस मुकाट्याने काम करते. मग एके रात्री वीज जाते, पहाटे येते, आणि पेटीचा दिवा मात्र लागत नाही. अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पेटीत काय असते?

कोणी म्हणेल, फोटो गेले तर गेले. एवढी चिंता कशाला? परंतु आपल्या तालुक्याने याचे उत्तर फार पूर्वी अनुभवाने शिकून ठेवले आहे. जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्या गावातील गल्ल्या, अंगणे व विहिरी आज कोणालाही दाखविता येत नाहीत. ज्यांच्या घरी एखादे जुने छायाचित्र उरले आहे, त्यांच्यापुरतेच ते गाव उरले आहे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जे आदिवासी नाहीत, परंतु पिढ्यान्‌पिढ्या वनात राहून त्यावर उपजीविका करीत आले आहेत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ३ पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. त्यासाठी सरकारी कागद, घरपट्टीच्या पावत्या, वंशावळ, वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन असे पुरावे चालतात. अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ साली झाले, आणि आता हा सारा मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. अशा ठिकाणी आजोबांच्या वेळच्या, वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या पावतीचा फोटो ही करमणुकीची वस्तू नाही. मूळ कागद गेला असेल आणि त्याची एकमेव प्रत त्या पेटीत असेल, तर ती पेटी म्हणजे घरातील दस्तऐवजांची संदूकच होय.

वीज जाते तेव्हा आत काय घडते?

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी. पहिली अशी यंत्रणा आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तीत ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाईलचा एक चांगला फोटो तीत जेमतेम बसला असता. आजची तबकडी तळहाताएवढी असून मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि लिहिणारे-वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. वीज अचानक गेली तर हे टोक तबकडीवर आपटावयाचे नाही काय? रचनाकारांनी येथे मोठी युक्ती योजिली आहे. फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातूनच क्षणभर वीज निर्माण होते, आणि तेवढ्या विजेवर ते टोक बाजूला आपल्या जागी जाऊन विसावते. मरता मरता घर आवरून जाणाऱ्या गृहिणीसारखे हे आहे.

तेव्हा नुसती वीज गेल्याने डिस्क सहसा मरत नाही. अपाय होतो तो दुसऱ्या तीन प्रकारांनी. पहिला असा की, त्या क्षणी जे लिहिले जात होते ते अर्धे राहते. वहीत नोंद करताना शाई संपावी, तसे. दुसरा असा की, वीज परत येताना तिचा दाब एकदम चढतो आणि अडॅप्टरला धक्का बसतो. तिसरा प्रकार वार्धक्याचा. वर्षानुवर्षे अखंड फिरत असलेली तबकडी एकदा थांबून थंड झाली की तिला पुन्हा वेग देताना सर्वांत अधिक जोर लागतो, आणि म्हाताऱ्या अडॅप्टरमध्ये तेवढा जोर उरलेला नसतो. बैल चालता असेपर्यंत चालतो. बसला की उठत नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

वीज आल्याबरोबर पेटीचे बटण दाबण्याची घाई करू नये. आपल्याकडे वीज येते, जाते, पुन्हा येते. म्हणून पेटीची वायर काढून ठेवावी, आणि अर्धाएक तास पुरवठा स्थिर राहिला की मगच पुढे जावे.

प्रथम वीज पेटीपर्यंत पोहोचते की नाही ते पाहावे. त्याच प्लगला टेबलावरचा दिवा लावून बघावा. दिवा लागला, पण पेटी निर्जीव असेल, तर पहिला संशय अडॅप्टरचा घ्यावा. बहुतेक लहान पेट्यांना १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. वायरमनकडील मीटर लावल्यावर तो १२ व्होल्ट दाखवील, एवढ्यावर त्याला निर्दोष ठरवू नये. ओझे नसताना थकलेला हमालही ताठ उभा राहतो. खरी परीक्षा अशी: पेटी बंद असताना दोन्ही डिस्कवर खुणेच्या पट्ट्या चिकटवून १ व २ असे क्रमांक लिहावेत, त्या थोड्या बाहेर ओढाव्यात, आणि मग पेटी सुरू करावी. रिकामी पेटी सुरू झाली, तर अडॅप्टर अशक्त झाला आहे किंवा एखादी डिस्क बिघडली आहे, असे समजावे. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा अधिक, आणि पिनेची घडण व धन-ऋण बाजू तीच असावी. अनेकदा एवढ्याने काम होते, आणि घरचे लोक उगाच रडले असे ठरते.

दिवे लागतात, पण मोबाईलवर किंवा संगणकावर पेटी सापडत नाही, असेही होते. येथे बहुधा पेटीचा दोष नसून राउटरचा असतो. वीज जाऊन आल्यावर राउटर घरातील प्रत्येक यंत्राला नव्याने पत्ता वाटतो, आणि पेटीला कालचा पत्ता न मिळता दुसराच मिळतो. पोस्टमन जुन्या घरी जाऊन हाका मारीत बसावा, तसा आपला संगणक जुन्या पत्त्यावर शोधीत राहतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तीत पेटीचे नाव शोधून नवा पत्ता घ्यावा, आणि पुढे तोच पत्ता तिच्यासाठी राखून ठेवावा. जोडणीची तारही बदलून पाहावी. पेटी फार जुनी असेल आणि संगणक नवा, तर आणखी एक कारण संभवते: फाईल मागण्याची जी जुनी पद्धत या पेट्या वापरतात, ती २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये सुरक्षिततेसाठी मुळातच बंद ठेवलेली असते.

पेटी सापडते, पण अतिशय मंद चालते, दिवे सारखे लुकलुकतात, तर तिला तसेच चालू द्यावे. दोन्ही डिस्कवरील मजकूर सारखा आहे की नाही याची ती अक्षर न्‌ अक्षर तपासणी करीत असते. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने तपासावयाची म्हटले तरी ११ तास लागतात. अकरा तास धीर धरण्याऐवजी दर अर्ध्या तासाने पेटी बंद-चालू करणारा मनुष्य स्वतःच्या हाताने नुकसान ओढवून घेतो.

डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा एकसारखा आवाज येऊ लागला, किंवा धातू घासल्यासारखा आवाज आला, तर मात्र त्याच क्षणी वीज बंद करावी. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायावर चालविणे होय. डिस्क उघडू नये, तिला टपल्या मारू नयेत, शीतपेटीत ठेवू नये. धूलिरहित खोलीत हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत असतात. मजकूर तितक्या मोलाचा असेल तर तो मार्ग घ्यावा.

चार गोष्टी कधीही करू नयेत

डिस्क काढून विंडोज संगणकाला लावली की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा निरोप पडद्यावर येतो. याला होकार देऊ नये. डिस्क रिकामी नसते. बहुतेक पेट्या लिनक्सच्या लिपीत लिहितात आणि विंडोजला ती लिपी वाचता येत नाही, इतकेच. पेटी स्वतःच ‘नव्याने मांडणी करू काय?’ असे विचारील, तेव्हाही नकारच द्यावा. मागच्या बाजूचे बारीक छिद्रातील रिसेटचे बटण अर्थ समजल्याशिवाय दाबू नये. आणि डिस्कचा क्रम बदलू नये. क्रमांक लिहिले ते त्यासाठीच.

या साऱ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: आधी प्रत, मग दुरुस्ती. दोनपैकी एक डिस्क गेली आणि दुसऱ्या एकटीवर पेटी कशीबशी उभी राहिली, तर लगेच नवी डिस्क घालून मजकूर उतरवून घेण्याचा मोह होतो. पण उरलेली डिस्कही त्याच वयाची, त्याच दिवशी विकत घेतलेली असते. तिला आरंभापासून अंतापर्यंत वाचावयास लावणे हे मोठे श्रमाचे काम आहे आणि त्यातच ती मान टाकू शकते. म्हणून प्रथम अत्यंत आवश्यक ते, म्हणजे कागदपत्रे, वडीलधाऱ्यांचे फोटो व आवाज, बाहेरच्या डिस्कवर उतरवावे. चित्रपट आणि गाणी मागून.

म्हातारपणाला औषध नाही, व्यवस्था आहे

काही पेट्यांचे दुखणे जन्मजात असते. २०१७ साली असे उघड झाले की इंटेल कंपनीच्या ॲटम सी-२००० या चिपमध्ये घड्याळाचा इशारा देणारा भाग काळाने झिजतो. चालू असताना चालणारे यंत्र मग एकदा बंद केले की पुन्हा उठत नाही. सिनॉलॉजी कंपनीच्या काही पेट्यांत हीच चिप होती. जून २०२१ मध्ये तर वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्यांमधील मजकूर इंटरनेटवरून घुसलेल्या दुष्ट लोकांनी जगभर पुसून टाकला. त्या पेट्यांसाठी सुधारणा देणे कंपनीने २०१५ पासून थांबविले होते. यातून बोध असा की, ज्या पेटीला कंपनीकडून सुधारणा मिळत नाहीत, ती घरापुरतीच वापरावी. बाहेरून उघडता येईल अशी ठेवू नये.

दोन डिस्क आहेत म्हणून मजकूर सुरक्षित आहे, हा समज फार पसरलेला आहे. एका डिस्कची प्रतिमा दुसरीवर उमटविण्याची ही पद्धत एक डिस्क मेल्यास उपयोगी पडते, हे खरे. परंतु आरसा चुकीचीही प्रतिमा दाखवितो. चुकून फोटो पुसला तर तो दोन्हीवरून पुसला जातो. वीज पडली तर पेटीसह दोन्ही जातात. म्हणून जाणते लोक ३-२-१ असा हिशेब सांगतात: मजकुराच्या ३ प्रती, २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी १ घराबाहेर. अणशीच्या घरी पेटी, कपाटात एक बाहेरची डिस्क, आणि मडगावला किंवा कारवारला राहणाऱ्या लेकीकडे दुसरी डिस्क, एवढे केले की हा हिशेब पुरा होतो. सणासुदीला ती माहेरी आली की डिस्कची अदलाबदल करावी.

पेटीला एक छोटा यूपीएस जोडावा. बहुतेक पेट्यांना यूपीएसकडून यूएसबीच्या तारेने निरोप घेता येतो, आणि बॅटरी संपण्यापूर्वी त्या आपले लिखाण पुरे करून नीट बंद होतात. यूपीएसची बॅटरीही नश्वर आहे. तीनएक वर्षांनी ती पाहावी. घरात इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस’ या खुणेवर ठेवावा; दुसऱ्या खुणेवर वीज बदलताना जो क्षणाचा खंड पडतो, तो पंख्याला चालतो, पेटीला चालत नाही. वळवाच्या गडगडाटात मात्र विजेची व राउटरची अशा दोन्ही तारा काढून ठेवणे हाच खरा उपाय.

शेवटी एक साधी गोष्ट. आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या उघडण्यास वीज लागत नाही, पासवर्डही लागत नाही. जे पन्नास फोटो व जे दहा कागद नातवंडांच्या हाती पडलेच पाहिजेत असे आपणांस वाटते, ते चांगल्या कागदावर छापून, मागे नावे, गाव व साल लिहून, कोरड्या डब्यात ठेवावेत. चेहरे ओळखणारी आजी घरात आहे तोवरच ही नावे लिहून होतील. हे काम पाऊस थांबण्याची वाट न पाहता, या रविवारीच दुपारी तिच्याजवळ बसून सुरू करावे.