आर्टिस्ट ॲली

आर्टिस्ट ॲली, शब्दशः 'कलाकारांची गल्ली', हा कॉमिक कॉन व तत्सम मेळाव्यांत चित्रकार आणि लेखक यांना स्वतःच्या कलाकृती मांडण्यासाठी राखून ठेवलेला विभाग होय. येथे निर्माता टेबलामागे स्वतः बसतो व वाचकांशी थेट बोलतो. वेबकॉमिक, म्हणजे आंतरजालावर प्रसिद्ध होणारी चित्रकथा, बहुधा विनामूल्य वाचता येते. त्यामुळे तिचा वाचक आणि निर्माता यांची प्रत्यक्ष गाठ एरवी क्वचितच पडते. म्हणून वेबकॉमिक निर्मात्यांना या विभागाचे विशेष महत्त्व वाटते.

इतिहास

अमेरिकेतील सॅन डिएगो कॉमिक-कॉनची सुरुवात १९७० मध्ये झाली. टोकियोतील 'कॉमिकेट' हा मेळावा डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गटांच्या सहभागाने सुरू झाला. हौशी निर्मात्यांनी स्वतः छापलेली पुस्तके स्वतःच विकणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'पेनी आर्केड' या वेबकॉमिकच्या निर्मात्यांनी २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे 'पॅक्स' हा स्वतंत्र मेळावा भरवला. २००५ मध्ये आयस्नर पुरस्कारांत डिजिटल कॉमिकसाठी विभाग निर्माण झाला. त्यातील पहिला पुरस्कार 'मॉम्स कॅन्सर' या, आरंभी निनावी प्रसिद्ध झालेल्या वेबकॉमिकला मिळाला.

अर्थकारण

टेबलावर पुस्तके, छापील चित्रे, बिल्ले व स्टिकर विकले जातात. काही निर्माते वाचकाच्या मागणीनुसार जागेवर चित्र काढून देतात. टेबलाचे भाडे, प्रवास, निवास व छपाई यांचा खर्च बहुधा निर्मात्यालाच करावा लागतो. तो विक्रीतून भरून निघेलच असे नाही. तरीही, एरवी केवळ आकड्यांच्या रूपात दिसणारा वाचक येथे समोर उभा राहतो आणि कोणता प्रसंग मनाला भिडला हे स्वतः सांगतो. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे सॅन डिएगोसह अनेक मेळावे रद्द झाले, तेव्हा अशा निर्मात्यांचे उत्पन्न आणि वाचकभेट ही दोन्ही साधने एकाच वेळी खंडित झाली.

भेटीचे संकेत

अनेक वेबकॉमिक निर्माते टोपणनावाने लिहितात. त्यामुळे खरे नाव विचारणे किंवा परवानगीवाचून छायाचित्र घेणे अनुचित मानले जाते. मोफत चित्राची मागणी टाळावी, तसेच मागे रांग असल्यास संभाषण आवरते घ्यावे, असाही संकेत आहे. खरेदी केली नाही तरी वाचनाचा अभिप्राय कळवणे शिष्टसंमत आहे.

भारतात

'कॉमिक कॉन इंडिया'चा पहिला मेळावा फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भरला. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद आदी शहरांतही असे मेळावे होऊ लागले. फेसबुकवरून लोकप्रिय झालेली 'गार्बेज बिन' ही चित्रमालिका पुस्तकरूपानेही निघाली. समाजमाध्यमांवर चित्रकथा प्रसिद्ध करणाऱ्या भारतीय निर्मात्यांना अशा मेळाव्यांत आपली पुस्तके घेऊन वाचकांसमोर येता येते.