पानथरी वाढली म्हणजे मलेरियाच, असे नाही : गौचर आजार, त्याचा इलाज आणि आपली घरे

पोर खातं-पितं, पण अंगी लागत नाही. पोट पुढे आलेले, चेहरा पांढराफटक, मधूनच नाकातून रक्त, रात्री हाडे दुखतात म्हणून रडणे. चंद्रपूर-गडचिरोलीत असे लेकरू दवाखान्यात नेले की डॉक्टर पोट तपासून सांगतात, "पानथरी वाढली आहे." मग मलेरियाची तपासणी होते, त्यानंतर सिकलसेलची. हे बरोबरच आहे. आपल्या जंगलपट्ट्यात हे दोन्ही आजार भरपूर आहेत आणि आधी त्यांचाच शोध घ्यायला हवा.

प्रश्न पुढचा आहे. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि पोट तसेच राहिले, तर? बहुतेक घरी रक्तवाढीचे औषध मिळते, कुणी दम करून घ्यायला सांगते, आणि दोन-तीन वर्षे निघून जातात. आजचा हा लेख अशा घरांसाठी आहे.

नेमके काय बिघडते?

पानथरी (प्लीहा) वाढण्याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे गौचर आजार. तो फार दुर्मिळ आहे; गावच्या डॉक्टरांनी पूर्ण नोकरीत एकही रुग्ण पाहिलेला नसेल. फिलिप गौचर या फ्रेंच डॉक्टरांनी 1882 मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, म्हणून हे नाव.

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये जुना माल मोडून साफ करण्याचे काम सतत चालू असते. प्रत्येक प्रकारच्या कचऱ्यासाठी वेगळा कामगार असतो. या कामगारांना एन्झाईम म्हणतात. गौचरमध्ये एक ठरावीक एन्झाईम जन्मापासूनच कमी असते, त्यामुळे एका प्रकारची चरबी मोडली जात नाही. मोहल्ल्यात घंटागाडी महिनाभर आली नाही तर जे होते, तेच शरीरात होते. ही चरबी पानथरी, लिव्हर आणि हाडांच्या आतल्या मगजात साठत जाते. पानथरी फुगते, रक्त आणि प्लेटलेट कमी होतात, हाडे दुखतात आणि ठिसूळ होतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो नजर लागल्याने होत नाही आणि आईच्या खाण्यापिण्यानेही होत नाही.

इलाज आहे

पूर्वी डॉक्टर पानथरी काढून टाकत. त्याने पोटाचा भार कमी व्हायचा, पण चरबी हाडांत आणि लिव्हरमध्ये साठत राहायची. अमेरिकेतले डॉ. रॉस्को ब्रॅडी यांनी 1960 च्या दशकात कोणते एन्झाईम कमी आहे हे शोधले आणि ते बाहेरून देता येईल का, यावर अनेक वर्षे काम केले. 1991 मध्ये अमेरिकेत पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. ते बाळंतपणानंतरच्या वारेतून काढले जाई. 1994 पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून ते बनू लागले. आता गाजराच्या पेशींतून तयार होणारे औषधही आहे.

हे औषध दर 2 आठवड्यांनी सलाईनमधून द्यावे लागते. काही महिन्यांत रक्त सुधारू लागते, पानथरी आकसते, मूल खेळू लागते. पण दोन गोष्टी आधीच समजून घ्या. एक, हा इलाज आयुष्यभराचा आहे. बाहेरून दिलेले एन्झाईम संपते. शरीर स्वतः ते बनवायला शिकत नाही. दोन, हे औषध मेंदूत पोहोचत नाही. गौचरचे 3 प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मेंदूला सहसा धोका नसतो, तिथे औषध उत्तम काम करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मेंदूवरचा परिणाम त्याने थांबत नाही. म्हणून कोणता प्रकार आहे, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

पॉम्पे, फॅब्री आणि म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिसचे काही प्रकार, यांवरही असाच एन्झाईमचा इलाज आहे.

पैसा कुठून आणायचा?

औषधाचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढते तसा खर्च वाढतो. दिल्लीतल्या एका सायकलरिक्षा चालवणाऱ्या बापाच्या मुलाला गौचर होता. त्याची भावंडे याच आजाराने आधी गेली होती. एम्समध्ये इलाज होता, पण महिन्याचा खर्च लाखांत होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 17 एप्रिल 2014 रोजी न्या. मनमोहन यांनी त्या मुलाला मोफत औषध देण्याचा आदेश दिला. गरिबाच्या लेकराचा जगण्याचा हक्क पैशाअभावी नाकारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. देशात दुर्मिळ आजारांसाठी धोरण असावे, या मागणीला या निकालाने मोठे बळ मिळाले.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण मार्च 2021 मध्ये आले. 2022 च्या दुरुस्तीनंतर धोरणातल्या सर्व गटांच्या रुग्णांना 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. गौचर त्यात आहे. हा पैसा आपल्या हातात येत नाही. सरकारने ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्राकडे, म्हणजे त्या रुग्णालयाकडे जातो. अडचण अशी की आजार आयुष्यभराचा आणि मदतीला मर्यादा आहे. 50 लाख संपले की पुढे काय, हा प्रश्न आज देशभरातल्या पालकांसमोर आहे. मशिदीतल्या चंद्याने किंवा जकातीने हा खर्च पेलणारा नाही. पण प्रवास, मुंबईत राहणे, बुडालेली मजुरी, हा भार जमात नक्की उचलू शकते.

आपल्या जिल्ह्यातून रस्ता

आधी मलेरिया, सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी पूर्ण करून घ्या. रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांसाठी आयसीएमआरचे केंद्र आता चंद्रपुरातच आहे. डिसेंबर 2022 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मूल दाखवा. या तपासण्यांत काही सापडले नाही आणि पानथरी मोठीच राहिली, तर नागपूरला मेडिकल किंवा एम्समध्ये बालरोग विभागात जा आणि सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, साठवणुकीचा आजार तर नाही ना? एन्झाईमची तपासणी करायची का?"

ही तपासणी रक्ताची आहे. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरही पहिली चाचणी होते, म्हणजे नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्यानंतर जनुकीय तपासणीने खात्री करतात.

आजार पक्का झाला की उत्कृष्टता केंद्रात नोंद करावी लागते. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. सिरोंचा, राजुरा, बल्लारपूरच्या घरांना हैदराबाद जवळ पडते. तिथे सीडीएफडी आणि निम्स मिळून असे केंद्र आहे. जाताना सगळे जुने रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी ही पालकांची संस्थाही मार्गदर्शन करते.

नात्यातल्या लग्नांबद्दल

ही गोष्ट बोलायला जड जाते, पण टाळून चालणार नाही. गौचर तेव्हाच होतो, जेव्हा आई आणि बाप दोघांकडूनही दोष असलेले जनुक मुलाला मिळते. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. ते फक्त वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. "पहिला आजारी झाला, आता पुढचे तीन चांगले" असा हिशेब नसतो. चिठ्ठी दर वेळी नव्याने निघते.

चुलत, मामे, खालाजाद, फुफीजाद भावंडे एकाच आजी-आजोबांची. दोष घराण्यात असेल तर तो दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात इतर अनेक समाजांतही होते, तेव्हा हा फक्त आपल्यावरचा ठपका नाही. नात्यात निकाह जायज आहे, फर्ज नाही. नात्यातल्या लग्नातून होणारी बहुसंख्य मुले निरोगीच असतात. पण घरात एखादे मूल अशा आजाराने गेले असेल किंवा आजारी असेल, तर त्याच नात्यात पुढचा रिश्ता ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. पुढच्या गरोदरपणात तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा.

आणि सुनेला दोष देणे थांबवा. हा आजार एकटी आई कधीच देत नाही. निम्मा वाटा बापाकडून येतो. त्यासाठी तिला माहेरी पाठवणे, दुसऱ्या लग्नाची भाषा करणे, हा जुलूम आहे.

शेवटची गोष्ट. पानथरी वाढलेल्या मुलाच्या पोटाला मार लागू देऊ नका, तेल लावून पोट चोळू नका, चटके तर मुळीच देऊ नका. दुआ आपल्या जागी आहे, तपासणी आपल्या जागी. आपल्या मोहल्ल्यात असे पोट घेऊन फिरणारे लेकरू दिसले, तर त्याच्या अब्बा-अम्मींना एवढेच विचारा, "मलेरिया नाही निघाला, मग पुढची तपासणी केली का?"