आधी धाबे, मग पडदे

नशिराबादचे घर पाडायचे की राखायचे, यावर आमच्याकडे दोन दिवाळ्या वाद चालला. जळगावहून भुसावळच्या रस्त्याला लागले की दहाएक किलोमीटरवर हे गाव. एके काळी इथल्या काचेच्या बांगड्यांचे मोठे नाव होते. आमचे घर आतल्या आळीत: दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि वर मातीचे धाबे. त्यात माझ्या आतेसासूबाई एकट्या राहतात. वय एक्याऐंशी. दिरांचे म्हणणे, पाडून स्लॅबचे घर बांधू, तोवर आत्याबाईंनी आमच्या फ्लॅटवर यावे. आत्याबाईंचे उत्तर एवढेच, "मले घरातून काढू नका, घरातलं पानी काढा."

दुखणे गळतीचेच होते. शहरातल्या भगिनींनी धाबे पाहिले नसेल म्हणून सांगते. सागाच्या कड्या, त्यांवर दाटीने बसवलेल्या लाकडी चिपा, मग पाला किंवा काड्या, आणि वर चोपून बसवलेली माती. सर्वांत वरचा थर खाऱ्या मातीचा. ही माती भिजली की तिचे बारीक कण सुटे होतात, मातीतली छिद्रे बुजवतात आणि पुढचे पाणी अडवतात. अर्थात बेताच्या पावसाच्या मुलखातच हे चालायचे. कोकणात असले छप्पर एका आषाढात वाहून जाईल!

पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकायची, ही रीत. पण जुनी कुणी काढतच नाही. आमच्या धाब्यावर फुटाहून जास्त थर साचला होता. दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, चार टनांहून अधिक ओझे. कड्या वाकल्या, उतार मोडला, पाणी पन्हाळीकडे जायचे सोडून मध्येच साचू लागले. गळले की आणखी माती! दुखण्याला खुराकच म्हणायचा.

2024 च्या फेब्रुवारीत काम काढले. मृगापूर्वी धाबे झाकले गेले पाहिजे, हीच काय ती घाई. सारी माती उतरवली, तेव्हा चार कड्यांची टोके वाळवीने पोखरलेली निघाली. तेवढीच बदलली, बाकीचा साग ठणठणीत होता. माती पुन्हा घातली, पण बेताची आणि उताराने. पन्हाळी हातभर लांब केल्या, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता दूर पडते.

भिंतींची कथा निराळी. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने 'मजबुतीसाठी' खालचे तीन फूट सिमेंटने लिंपले होते. मातीची भिंत जमिनीतली ओल पिते आणि हवेत सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल वर चढली आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा लागून पोपडे सुटू लागले. सिमेंट काढून भिंती उन्हाळाभर वाळू दिल्या आणि विरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. चुना ओल अडवून धरत नाही. वेळ मात्र खातो. गवंडी आणि मी, दोघांच्याही सहनशक्तीची परीक्षा झाली.

दीर अजून कुरकुरत होतेच. त्यांना जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचे घर दाखवायला नेले. ते आता संग्रहालय म्हणून जपले आहे. पाहून ते म्हणाले, "छान आहे, पण इथे रात्री कुणाला न्हाणीत जावे लागत नाही." बोलणे अगदी रास्त! पूर्वीची न्हाणी मागल्या अंगणात, पलीकडे चार पायऱ्या उतरून होती. म्हणून पडवीचा एक कोपरा भिंत घालून वेगळा केला. तिथे न्हाणी, बसायचे शौचकूप आणि भिंतीला हाताची दांडी. फरशी मुद्दाम खडबडीत घेतली. खांबांवरून लोंबणाऱ्या उघड्या तारा काढून वीज नळीतून फिरवली, आणि एक बटण पलंगावरून हात पुरेल असे बसवले. माझ्या मते साऱ्या कामात शोभा कुठे असेल तर या बटणात.

सजावटीला मग फारसे काही उरले नाही. खांबांवरचे हिरव्या तैलरंगाचे थर खरवडून जवसाचे तेल चोळले, तसा सागाचा मूळ रंग वर आला. कोनाड्यांच्या आतून गेरू दिला. कपाटे घ्यावीच लागली नाहीत. पडदे जाड सुती, तेही फक्त पश्चिमेला. घंगाळात झाडे लावायची हौस मला होती, पण आत्याबाईंना त्यात अंघोळीचे पाणी लागते!

जळगावकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. जाड मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. इजिप्तमध्ये हसन फाथी या वास्तुशिल्पज्ञाने 1940 च्या दशकात लक्झरजवळ मातीच्या घरांचे गाव उभारायला घेतले, त्यामागे हेही गणित होते. आत्याबाईंना फाथी ठाऊक नाहीत. त्या दुपारी माजघरात सतरंजी टाकतात.

खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा धाब्यात गेला. ते आल्या-गेल्याला दिसतही नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला, त्या रात्री मी तिथेच होते. आत्याबाईंनी सवयीने तीन पातेली जागच्या जागी मांडली. सकाळी ती कोरडी पाहिली आणि त्यांतल्याच एकात चहा ठेवला.