तांब्याची तक्रार, मातीचं पत्र

दक्षिण इराकमधल्या ऊर या शहरात इ.स.पू. १७५०च्या सुमारास नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला एक खरमरीत पत्र लिहिलं. चांगला माल देण्याचा शब्द देऊन तू निकृष्ट तांबं पुढे केलंस, माझ्या माणसांचा अपमान करून त्यांना शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हातांनी परत पाठवलंस. यापुढे माझ्याच अंगणात एकेक लगड पारखून घेईन, असा त्याचा आशय. जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर उंचीच्या मातीच्या पाटीवर दोन्ही बाजूंनी दाटीवाटीने कोरलेलं हे पत्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे पत्र मराठीतून वाचलं, तर त्यावर भाष्य करावं लागणार नाही. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडत आली. हंडे, घागरी, पाणी तापवायचे बंब. आणि भांड्याच्या अंगावर हातोडीचे नेमके ठोके उमटवत त्याला बळकटी आणि झळाळी देणारं मठारकाम. माल खोटा निघाला तर कारागिराचं काय होतं, हे या आळीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या इतिहासात शिरायचं तर याच दाराने शिरावं, असं मला मनापासून वाटतं. राजांच्या नावांनी आणि लढायांच्या सनावळ्यांनी सामान्य वाचक बिचकतो. फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा संताप मात्र त्याला लगेच कळतो.

हा इतिहास ज्या लिपीत टिकला ती क्यूनिफॉर्म, म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या खुणांची कीलाकृती लिपी. तिचा जन्म इ.स.पू. ३२००च्या आसपास उरुक शहरात झाला, आणि तो हिशेबासाठी झाला. किती धान्य आलं, किती मेंढ्या गेल्या, कोणाला किती शिधा दिला, याच्या नोंदी आधी. काव्य आणि पुराणकथा पुष्कळ नंतर. नदीकाठची गाळाची माती मळून पाटी थापायची आणि ती ओली असतानाच बोरूचं टोक तिच्यात दाबायचं. इथे रेघ ओढायची नसते, ठसा उमटवायचा असतो. एका बाजूची जागा संपली की पाटी खालच्या कडेवरून उलटायची आणि मागे पुढचा मजकूर लिहायचा. चिन्हं शेकड्यांनी, एकच चिन्ह कधी अख्खा शब्द असतं, कधी नुसता उच्चार. शिकणाऱ्या मुलांच्या गोल पाट्याही सापडल्या आहेत. त्यांवर गुरुजींचा कित्ता असतो आणि विद्यार्थ्याने गिरवलेली त्याची नक्कलही.

उन्हात वाळलेली पाटी पाण्याने विरघळते, पण आगीत भाजली की पक्की होते. इ.स.पू. ६१२मध्ये असिरियाची राजधानी निनेव्हे जळाली. चर्मपत्रं आणि लाकडी फळ्या असत्या तर त्यांची राख झाली असती, पण असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या मातीच्या पाट्या उरल्या. गिल्गमेश या राजाची प्राचीन कथा जगाला पुन्हा मिळाली ती तिथल्याच तुकड्यांतून.

इसवी सनाच्या पहिल्या शतकानंतर ही लिपी वाचणारं कोणी उरलं नाही. ती पुन्हा वाचती करणाऱ्यांपैकी एकाचा पुण्याशी संबंध होता. हेन्री रॉलिन्सन १८२७मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. पुणे ते पनवेल हे ७२ मैलांचं अंतर त्याने पैज लावून घोड्यावरून ३ तास ७ मिनिटांत कापल्याचं त्याच्या चरित्रात नोंदलं आहे. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाचा तीन भाषांतला लेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवला. सर्वांत अवघड जागी एक कुर्द मुलगा चढला आणि त्याने ओल्या कागदावर ठसे घेतले. लिपी खरंच उलगडली का, याची परीक्षा १८५७मध्ये लंडनला झाली. रॉलिन्सन, हिंक्स, ओपेर आणि टॅल्बट या चौघांनी एकच लेख स्वतंत्रपणे वाचून भाषांतरं बंद लिफाफ्यांत दिली. ती मुख्य मुद्द्यांत जुळली आणि शंका मिटली.

मुंबईनेही हा इतिहास फार लवकर पाहिला. ऑस्टिन हेन्री लेअर्ड या ब्रिटिश उत्खननकर्त्याने निमरूद या असिरियन शहराच्या जागी खणून काढलेली शिल्पं बसऱ्याहून इंग्लंडला जाताना मुंबईमार्गे गेली, आणि १८४८च्या सुमारास त्यांतल्या काही पेट्या इथेच उघडून लोकांना दाखवल्या गेल्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही असिरियन शिल्पपट्ट उभे आहेत, आणि डिसेंबर २०२३मध्ये तिथे भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पं एकत्र मांडणारं प्रदर्शन सुरू झालं. ही मांडणी योग्यच होती, कारण हे जग आपल्याला परकं नव्हतं. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन याने आपल्या धक्क्याला मेलुहाची गलबतं लागतात, अशी फुशारकी मारली आहे. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एआ-नासिरचं तांबंही समुद्रमार्गे दिलमून, म्हणजे आजच्या बहारीनहून येई.

आता पाट्यांची छायाचित्रं इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात. पण चित्र दिसलं म्हणजे लिपी कळली, असं होत नाही. कुंभाराकडची मूठभर माती आणि चौकोनी टोकाची काडी मुलांच्या हाती द्यावी, चार खुणा दाबायला लावाव्यात, आणि मग एखादी पावती किंवा पत्र मराठीत वाचून दाखवावं. हात चालला की डोळा वाचायला लागतो.

पुणेकरांनी हे मनावर घ्यावं, याला आणखी एक कारण आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडी लिपी वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. जगभरच्या संग्रहालयांतल्या असंख्य मातीच्या पाट्याही अजून प्रसिद्ध झालेल्या नाहीत. दोन्हीकडे बराचसा मजकूर साध्या माणसांचा आहे: देणी, घेणी, गाऱ्हाणी. दोन्हीकडे उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. मोडी शिकणाऱ्याला मातीच्या पाट्यांचं मोल सांगावं लागत नाही, आणि ज्या मुलाला त्या पाट्यांची गोडी लागेल, तो मोडीचा कागदही रद्दीत जाऊ देणार नाही.