वसई किल्ल्यातलं सेंट जोसेफ चर्च : मनोरा इथे, मग घंटा कुठे गेल्या?

वसई : किल्ल्यात फिरायला आलेला माणूस एका उंच मनोऱ्याखाली हमखास थांबतो. मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि पुढे जातो. भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. हे सेंट जोसेफ चर्च. दारावर दगडी पाटी आहे, पण ती पोर्तुगीज भाषेत असल्याने कोणी वाचत नाही.

पाटीवर साल आहे १६०१. गोव्याचे आर्चबिशप आलेइश द मेनेझिस यांच्या काळात चर्चची दुरुस्ती झाली, असं त्यावर कोरलंय. म्हणजे चर्च त्याहून जुनं. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाने इथे संत जोसेफच्या नावाने चर्च उभारण्याबद्दल पत्र पाठवलं. हे गावाचं मुख्य चर्च. पुढे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा संघांनी किल्ल्यात आपापली चर्च बांधली. वसईचा दगड तर गोव्यातल्या प्रसिद्ध बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागासाठीही गेला.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहानुसार पोर्तुगीज आपलं सामान घेऊन निघून गेले आणि शहर ओस पडलं. दरवर्षी घर शाकारणाऱ्याला पुढचं सांगायला नको. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि देखभाल नाही, मग आधी छप्परच जातं.

घंटा मात्र इथे कुजायला राहिल्या नाहीत. विजयाची खूण म्हणून त्या घाटावर नेल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्रही. (‘स्वदेस’ चित्रपटात दिसलेला घाट तोच.) भीमाशंकरच्या देवळासमोरच्या घंटेवर १७२९ साल आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेचं नातंही वसईच्या विजयाशी जोडलं जातं. देवळात जाणारे भाविक इतकी वर्षं याच घंटा वाजवत आलेत.

राज्य गेलं, पण आसपासच्या गावांतले ख्रिस्ती इथलेच होते, ते राहिले. सामवेदी, वाडवळी बोलणारी त्यांची घरं आजही वसईत आहेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकीत क्रुसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांचा सण किल्ल्यातल्या जेझुइट चर्चमध्ये साजरा होतो. सेंट जोसेफमध्ये मात्र आता येतात ते पर्यटक आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी.

त्यातलेच काही जण भिंतीवर नाव कोरून जातात. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणात आहे. अशा वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घर बांधणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं : संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी घ्यावी लागते.