वाऱ्यावर तरंगणाऱ्यांचा हिशोब

काचेच्या गोल कक्षात एक माणूस पालथा तरंगतोय आणि बाहेरच्या फलकावर ताशी १८० किलोमीटर हा आकडा झळकतोय. दुसऱ्या शहरातल्या वाऱ्याच्या टनेलमध्ये तोच माणूस, तोच सूट, अंगाची ठेवणही तीच. आकडा मात्र १९५. तिसरीकडे किलोमीटरचा पत्ताच नाही, नुसती पंख्यांची टक्केवारी. इनडोअर स्कायडायव्हिंगच्या जगात ‘तुमच्याकडे वारा जास्तीत जास्त किती?’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो. जाहिरातींत उत्तरही ठसठशीत छापलेलं असतं: २५०, २७५, कुठे ३००. हे आकडे खोटे असतात असं नाही. पण एकाला दुसऱ्याशेजारी ठेवण्याआधी प्रत्येक आकडा कुठल्या हवेत आणि कुठल्या जागी मोजला, हे विचारावं लागतं.

उभ्या वाऱ्याच्या या टनेलचा जन्म माणसांच्या करमणुकीसाठी झालेला नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लँगली इथे १९४१ साली २० फूट व्यासाचं उभं ‘स्पिन टनेल’ सुरू झालं. गिरक्या घेत कोसळणारं विमान कसं सावरायचं, याचा तिथे अभ्यास चाले. तंत्रज्ञ विमानाची छोटी प्रतिकृती हातानेच गिरकी देऊन वाऱ्यात सोडायचा आणि पंख्याचा वेग कमी-जास्त करून ती नजरेसमोर एकाच उंचीवर राखली जायची. आजच्या टनेलमध्ये काचेपलीकडे बसलेला ऑपरेटर नेमकं हेच करतो, फक्त प्रतिकृतीच्या जागी जिवंत माणूस असतो. लँगलीचा वारा ताशी नव्वदेक किलोमीटरच्या पुढे फारसा जात नसे. हलक्या प्रतिकृतीला तेवढा पुरे होता.

उभ्या वाऱ्यात उडणारा पहिला माणूस म्हणून जॅक टिफनी यांचं नाव घेतात. ते १९६४ साली ओहायोतल्या राईट-पॅटरसन हवाई तळावर उडाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातले संशोधक ज्याँ सां-जर्मां यांच्या कल्पनेवर बेतलेली टनेल्स सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्यांत पंखा खाली असायचा. वारा खालून वर फेकला जायचा आणि उडणारा झोताच्या कडेला गेला की बाजूच्या गाद्यांवर येऊन पडायचा. १९९८ साली ऑर्लँडोत स्कायव्हेंचर कंपनीने ही रचनाच उलटी केली. पंखे वर चढवले आणि हवा ढकलण्याऐवजी ओढून घ्यायला सुरुवात केली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग वारा मिळू लागला, त्यामुळे झोतातून बाहेर पडण्याचा प्रश्नच संपला.

पंखे वर नेण्याचं कारण साधं आहे. पंख्यातून बाहेर पडलेली हवा घुसळलेली असते. पंख्याकडे जाणारी हवा त्यामानाने शांत असते. आजच्या बंदिस्त टनेलमध्ये हीच हवा बाजूच्या मनोऱ्यांतून खाली येते, कोपऱ्यांवरच्या वळणपट्ट्यांमुळे न विस्कटता वळते, निमुळत्या तोंडातून वेग घेते आणि पोलादी तारांच्या जाळीतून काचेच्या कक्षात शिरते. कक्षाच्या वर नळी पुन्हा रुंदावते, तिथे वारा मंदावतो. माणूस चुकून वर गेला, तर त्याला धरणारा वारा आपोआप कमी पडतो आणि तो खाली येतो. म्हणजे एकाच टनेलमध्ये, एकाच क्षणी, जाळीपाशी आणि वीस फुटांवर वाऱ्याचा वेग वेगळा असू शकतो. फलकावरचा आकडा यातला कुठला, हा तुलनेतला पहिला पेच.

दुसरा पेच हवेचाच. माणसाला वेग तोलत नाही, दाब तोलतो. हा दाब हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. समुद्रसपाटीच्या हवेत ताशी १८० किलोमीटरचा वारा साधारण १,५०० पास्कल दाब देतो. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर सुमारे १५६ मिलिमीटर. पालथ्या तरंगणाऱ्या, सत्तरेक किलोच्या माणसाला एवढा दाब पुरतो. डोकं खाली आणि पाय वर करून उडायचं, तर वाऱ्यासमोर अंग फारच थोडं येतं. तेव्हा २४० ते २९० लागतात. २७० ला दाब ३५० मिलिमीटरवर पोचतो, म्हणजे वेग दीडपट आणि दाब सव्वादोनपट.

आता हेच टनेल डेन्व्हरला न्या. तिथे, समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर, हवा सुमारे १५ टक्के विरळ आहे. तेवढाच दाब हवा असेल, तर वारा सुमारे ८ टक्के जोरात वाहायला हवा. १८० चे १९५ होतात ते असे. गंमत पुढेच आहे. बहुतेक ठिकाणी वेग थेट मोजत नाहीत, दाबातला फरक मोजून त्यावरून काढतात. हिशोबात समुद्रसपाटीची ठरावीक घनता धरली असेल, तर डेन्व्हरलाही फलकावर १८० च दिसतील. तिथली खरी घनता धरली, तर १९५. दोन्ही आकडे बरोबर आणि दोन्ही ठिकाणी माणूस तसाच तरंगतो. तापमानाचंही तेच. दहा अंशांची हवा चाळीस अंशांवर गेली, तर त्याच दाबासाठी सुमारे ५ टक्के जास्त वेग लागतो. बंद नळीत तीच हवा फिरत राहिल्याने तापते, म्हणून सकाळची आणि दुपारची टक्केवारी जुळत नाही.

विमानातून उडी मारणाऱ्यालाही हा नियम सुटत नाही. पालथं पडताना अंतिम वेग ताशी १९०-२०० किलोमीटर असतो, असं आपण वाचतो. पण ४,००० मीटरवरच्या विरळ हवेत तोच माणूस जमिनीलगतच्या हवेपेक्षा वीस-बावीस टक्के जोरात पडत असतो.

तिसरी गोष्ट पैशाची. लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: वारा १८० वरून २७० वर न्यायचा, तर जवळजवळ ३.४ पट. आणि रुंदीचा भार वेगळाच. १४ फुटी कक्षातून १८० च्या वेगाने दर सेकंदाला जवळपास ९०० किलो हवा वर जाते. त्या हवेतली ऊर्जाच एक मेगावॉटच्या वर भरते. बंद नळीत तिचा बराच भाग परत वापरता येतो, म्हणून हा धंदा परवडतो. अबू धाबीच्या यास बेटावर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लाइम्ब’ केंद्रातल्या टनेलचा कक्ष ३२ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ १४ फुटीच्या पाचपट, म्हणजे त्याच वेगाला हवाही पाचपट. रुंद कक्षात संघाला मोकळं फिरता येतं. अरुंद कक्षात चार जण शिरले की त्यांच्या अंगांनीच वाट अडते आणि हवा फटींतून जोरात निघते. टनेलची ऐपत तोलायची, तर सर्वोच्च वेगाइतकीच रुंदीही पाहावी लागते.

भारतात हे यंत्र उशिरा आलं. हैदराबादला हौशी लोकांसाठी टनेल आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या विशेष दलांच्या प्रशिक्षण शाळेत लष्कराच्या टनेलचं उद्घाटन झालं. विमानातून उडी मारल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर हाती लागतं. टनेलमध्ये तोच सराव सलग आणि प्रशिक्षकाच्या नजरेसमोर होतो. तरंगण्यावर कपड्यांचा होणारा प्रभाव मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून आकाशातून उडी घेतली होती. सैल कापड वाऱ्याला धरतं, घट्ट सूट वारा सोडून देतो. म्हणूनच टनेलमध्ये नवशिक्यांना ढगळ सूट देतात आणि १३० ते १६० वर भागवतात. स्पर्धेतले हलके गडी उलट कमरेला शिशाचं वजन बांधतात, नाहीतर एकाच वाऱ्यात जड जोडीदार खाली आणि ते वर.

२०१५ मध्ये प्रागला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आता वेगवेगळ्या देशांतले संघ एकमेकांच्या टनेलमध्ये उडतात. नव्या ठिकाणी गेल्यावर मुरलेले खेळाडू माहितीपत्रकातला आकडा बाजूला ठेवतात. नेहमीचा सूट चढवून, नेहमीच्या ठेवणीत, जाळीपासून छातीभर उंचीवर स्थिर होतात आणि ऑपरेटरला अंगठ्याने ‘वाढव’, ‘कमी कर’ सांगत राहतात. अंग नीट तोललं गेलं की फलकाकडे पाहून आकडा डोक्यात ठेवतात: घरच्या टनेलवर १८०, इथे १९५. त्या दिवसापुरतं दोन टनेलांमधलं रूपांतर त्यांना मिळालेलं असतं. त्यात उंची, तापमान, मोजण्याची जागा, सगळं आपसूक धरलेलं असतं. वेगांची तुलना करायचीच असेल, तर ती अशी करावी: वजन तेच, कपडा तोच, ठेवण तीच, आणि मग आकडा. यातली एक गोष्ट बदलली, की उरते ती फक्त जाहिरात.